बेल्ह्याच्या हवेचं वर्ष

कल्याण-नगर महामार्गानं माळशेज घाट चढून आलं की मढ, डिंगोरे, ओतूर, आळेफाटा मागे टाकत रस्ता बेल्ह्याला पोचतो. पावसाळ्यात हा प्रवास केला तर तासा-दीड तासात तीन वेगवेगळे ऋतू भेटल्यासारखं वाटतं. घाटात धबधबे आणि अंगावर येणारे ढग, ओतूरच्या आसपास नुसती बुरबुर, आणि बेल्ह्यात पुष्कळदा लख्ख ऊन आणि भन्नाट वारा. सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाकाठी तीन-चार हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही जास्त पाऊस कोसळतो. तिथून साठेक किलोमीटर पूर्वेला, बेल्हे-आणे पट्ट्यात, तो पाचशेच्या आसपास उरतो. म्हणून एकाच जुन्नर तालुक्यात पश्चिमेला भाताची खाचरं आहेत आणि पूर्वेला बाजरी.

समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगर चढताना गार होते आणि आपलं पाणी चढावरच सांडते. पलीकडे उतरताना ती पुन्हा तापते, कोरड्या हवेच्या बाबतीत दर शंभर मीटरला साधारण एक अंश सेल्सिअस, आणि ढग विरून जातात. भूगोलाच्या पुस्तकातला ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ तो हाच. बेल्हे ऐन त्या छायेत आहे. पश्चिमेला सह्याद्री, पूर्वेला आणे घाटाचा चढ आणि त्यावरचं पठार, दक्षिणेकडे कुकडीचं खोरं, आणि मधल्या उतरत्या रानात समुद्रसपाटीपासून साडेसहाशे-सातशे मीटरवर वसलेलं हे बाजाराचं गाव.

पावसाविषयी या भागात सगळेच बोलतात. रोहिणी बरसल्या का, मृग कोरडा गेला का, हस्तानं हात दिला का, हे इथल्या बांधाबांधावरचे विषय आहेत. पण ज्या हवेतून हा पाऊस पडतो किंवा पडत नाही, ती हवा आपण दिवसरात्र छातीत ओढतो, आणि तिच्याविषयी एकच वाक्य ऐकू येतं: ‘गावाकडची हवा चांगली.’ हे वाक्य बऱ्याच अंशी खरं आहे. वर्षातले कित्येक दिवस बेल्ह्याची हवा खरोखर निर्मळ असते. पण ती बिघडते तेव्हा खूप बिघडते, आणि बिघडण्याचे महिने, एवढंच काय, दिवसाचे तासही बहुतेक ठरलेले असतात. ते तास ओळखता आले तर निम्मं काम झालं.

सगळ्यात आधी हिवाळा घ्यायला हवा, कारण खरी अडचण तिथंच आहे.

दिवाळी सरते, पाऊस मागं फिरलेला असतो, आभाळ स्वच्छ होतं. आभाळात ढग नसले की दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता बेधडक वर सोडते आणि झपाट्यानं गार होते. तिला चिकटून असलेली हवाही गार होते. गार हवा जड, म्हणून ती उतारानं घरंगळत ओढ्याकाठी, खोलगट रानात, मळ्यांत जाऊन साचते. डिसेंबरच्या रात्री मोटारसायकलवरून येणाऱ्या कुणालाही विचारा. सपाटीवरून रस्ता ओढ्याच्या पुलाकडं उतरला की अंगावर एकदम गारठा येतो, आणि पलीकडचा चढ चढताच तो सुटतो. दोन-तीनशे पावलांच्या अंतरात हा फरक जाणवतो, तोही थर्मामीटरशिवाय.

एरवी उंचावर जावं तसं गार होत जातं. या रात्री मात्र क्रम उलटा होतो: खाली गार, वर उबदार. शास्त्रात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. वरच्या उबदार थराचं झाकणच पडतं म्हणा ना. खालची जड हवा वर चढू शकत नाही, वरची खाली येत नाही, वाराही पडलेला असतो. उन्हाळ्याच्या दुपारी जमिनीलगतची हवा दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत घुसळली जाते. हिवाळ्याच्या रात्री हीच उंची शे-दोनशे मीटरवर येते, कधी त्याहूनही कमी. म्हणजे धूर तेवढाच असला तरी त्याला पांगायला मिळणारी जागा दहा-वीस पटींनी आटते.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर थंडीत सकाळी साडेसहा-सातला गावाबाहेरच्या एखाद्या चढावर उभं राहावं. वस्त्यांवरचे चुलवण पेटलेले असतात. प्रत्येक घरातून धुराची सरळ रेघ वर निघते, घराच्या दोन-चार पट उंची गाठते आणि तिथं अडकून आडवी पसरते. शेजारच्या घराची रेघही त्याच उंचीवर येऊन मिळते. पाहता पाहता अख्ख्या गावावर निळसर पट्टा ताणला जातो. त्याची खालची कड पुसट, वरची कड मात्र आखल्यासारखी. त्यावरचं आभाळ निखळ निळं. आठ-साडेआठला ऊन चढतं, जमीन तापते, आणि हळूहळू तो पट्टा फाटून वर उठतो. दहापर्यंत काही दिसत नाही. पण मुलं शाळेला निघतात ती साडेसहा-सातच्या सुमाराला, आणि गोठा, झाडलोट, दूध घालणं ही कामंही त्याच वेळची. सोमवार असेल तर बेल्ह्याच्या आठवडे बाजाराला निघालेली जनावरं, पिकअप आणि टेम्पो यांचा फुफाटाही त्याच थरात मिसळतो.

धुरात काय असतं? डोळे चुरचुरतात ते वायूंमुळे आणि मोठ्या कणांमुळे. खरा घातक भाग दिसत नाही. अडीच मायक्रॉनहून लहान कण, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा पंचविसावा-तिसावा भाग, नाकात अडकत नाहीत, घशात अडकत नाहीत. ते थेट फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जातात आणि त्यांतले अगदी सूक्ष्म रक्तातही उतरतात. हवेच्या एका घनमीटरमध्ये अशा कणांचं चोवीस तासांचं सरासरी वजन 60 मायक्रोग्रॅमहून जास्त नसावं, अशी भारताची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 साली हा आकडा 15 वर आणला. संघटनेच्याच अंदाजानुसार घरातल्या चुलीच्या धुरानं 2020 साली जगभरात सुमारे 32 लाख माणसं अकाली गेली.

चुलीच्या धुराकडं शास्त्रज्ञांचं लक्ष तसं उशिरा गेलं. कर्क स्मिथ या अमेरिकी संशोधकानं 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत जाऊन स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात जाणारे कण मोजले, तोपर्यंत ‘प्रदूषण’ म्हणजे गिरण्या आणि मोटारी असाच समज होता. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की दम्यासारख्या दिसणाऱ्या, फुफ्फुसं कायमची आखडवणाऱ्या सीओपीडी या आजाराचे जगातले 25 ते 45 टक्के रुग्ण आयुष्यात कधी विडी-सिगारेटला शिवलेलेच नसतात. आपल्याकडं ‘आजीला थंडीत धाप लागते, वयच झालं’ असं म्हणून सोडून देतात. आजीनं चाळीस वर्षं फुंकणीनं चूल फुंकली, हे कुणी जमेत धरत नाही. दवाखान्यात डॉक्टरांना ते आवर्जून सांगायला हवं.

2016 पासून उज्ज्वला योजनेतून सिलिंडर घरोघरी आले. चहा, भाजी गॅसवर होते. पण अंघोळीचं पाणी तापवायला, जनावरांचं खाद्य शिजवायला आणि भाकरीला अजूनही बऱ्याच घरांत लाकूडफाटाच लागतो. आणि या कामांची वेळ नेमकी पहाटेची, म्हणजे हवेवर झाकण असतानाची. पाणी तापवायला सौर बंब बसवला, तर हिवाळ्यातला गावाचा निम्मा धूर कमी होईल असं माझं मत आहे. छपरावर वर्षातले नऊ महिने कडकडीत ऊन पडणाऱ्या या पर्जन्यछायेच्या पट्ट्याइतकी सोयीची जागा दुसरी कुठली?

हिवाळ्याच्या हवेत आता आणखी एक गोष्ट मिसळली आहे: पाणी. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणं झाली, कालवे निघाले, आणि जिथं एक पावसाळी पीक यायचं तिथं कांदा, टोमॅटो, ऊस बारमाही झाले. ओल्या रानावरची हवा दमट राहते. पहाटे ती गार झाली की धुई उतरते, पानापानांवर दव साचतं. कांद्याच्या पातीवर बराच वेळ ओल राहिली की करपा आलाच. पात टोकाकडून पिवळी पडत जाते, मधे जांभळट डाग दिसतात. नारायणगावच्या पट्ट्यात द्राक्षबागायतदार याच पहाटेला भितात, कारण ओल्या पानावर डाऊनी हा रोग झपाट्यानं पसरतो. मग फवारण्या वाढतात. वारा नसलेल्या सकाळी फवारलेल्या औषधाचे बारीक थेंब त्याच अडकलेल्या हवेत तरंगत राहतात आणि पाठीवर पंप घेतलेला माणूस ते आत घेतो. डोकं दुखलं, मळमळलं, तर उन्हात काम केल्याचा दोष काढतात. तोंडाला नुसता रुमाल बांधून हे थेंब थांबत नाहीत.

पाण्याचा आणि झाडांचा हवामानाशी काय संबंध, हा प्रश्न या तालुक्यात फार पूर्वी विचारला गेला होता. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडं 1838 साली दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाची जबाबदारी आली. त्याच उद्यानाची एक शाखा जुन्नर तालुक्यात हिवरे इथं होती. तिथं औषधी वनस्पती लावल्या जात. गिब्सन सह्याद्रीत पायी आणि घोड्यावरून फिरला, जंगलं तुटताना पाहिली, आणि झाडं गेली की झरे आटतात, हवामान रखरखीत होतं, असं सरकारला पुन्हा पुन्हा लिहीत राहिला. 1847 साली तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. झाडतोडीमुळं पाऊस किती कमी होतो यावर पुढं पुष्कळ वाद झाले. पण उघडी पडलेली माती उन्हाळ्यात हवेत जाते, याबद्दल वाद घालण्यासारखं काही नाही. चैत्रात आणे घाटाच्या पायथ्याशी, गुळुंचवाडीच्या नैसर्गिक शिलापुलाच्या आसपास उभं राहिलं की ते दिसतंच.

उन्हाळ्याची गोष्ट थोडक्यात सांगता येते. हवा घुसळली जाते, म्हणून धूर टिकत नाही. धुरळा मात्र टिकतो. नांगरून पडलेली रानं, मुरमाचे रस्ते, महामार्गावरची अवजड वाहनं, बाजाराचं उघडं मैदान. दुपारी वावटळी उठतात आणि पाचोळा घेऊन शेतभर फिरतात. हे कण जरा जाड असतात. बरेचसे नाकातच अडकतात, खोकल्यावाटे बाहेर पडतात. मळणी यंत्रावर काम करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. बाजरीचं भूस अंगाला खाजतं, तसंच ते श्वासनलिकेलाही बोचतं. तिथं चांगला मास्क हवाच. मग वैशाखात संध्याकाळी आभाळ झाकोळतं, वळीव कोसळतो, प्रसंगी गारांसह, आणि अर्ध्या तासात हवा धुऊन निघते. बागायतदाराचं त्यात नुकसान होतं हे खरं, पण त्या संध्याकाळी घेतलेला श्वास वर्षातल्या सर्वांत चांगल्या श्वासांपैकी असतो.

सगळी धूळ आपल्याच रानातली असते असंही नाही. 2022 च्या जानेवारीत, 23 तारखेच्या सुमाराला, अरबस्तान-पाकिस्तानकडच्या वाळवंटी भागातली धूळ अरबी समुद्र ओलांडून महाराष्ट्रात आली. मुंबईवर पिवळट मळभ दाटलं, पुणे-नाशिकपर्यंत सूर्य फिका झाला, भर दुपारी गारठा पडला. लोकांना नवल वाटलं. पण याहून कितीतरी लांबून आलेली धूळ जुन्नर तालुक्यात जमिनीत पुरलेली आहे. कुकडीकाठच्या बोरी बुद्रुक गावाजवळ नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ही राख सह्याद्रीच्या लाव्ह्याची नव्हे, तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा. ही आली इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून, तीनेक हजार किलोमीटरवरून. ती टोबाच्या सुमारे 75 हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटातली, की सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीच्या स्फोटातली, यावर शास्त्रज्ञांत दीर्घ वाद झाला आहे. याच परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारंही सापडली, म्हणून राखेच्या वयाला एवढं महत्त्व. ही राख चिमटीत धरली तर पिठासारखी मऊ लागते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र ती काचेच्या धारदार कपच्यांची असते. हवेला शिवार नसतं, तालुका नसतो, याचा याहून जुना पुरावा आपल्या जिल्ह्यात दुसरा कुठला असेल असं मला वाटत नाही.

पावसाळ्यात बाहेरची हवा स्वच्छ. समुद्रावरून आलेली, वाटेत धुतली गेलेली, सतत वाहती. पण तेव्हा माणसं घरात असतात आणि दारं-खिडक्या बंद. डासांसाठी कॉइल लावली जाते. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींच्या धुराएवढे भरतात, असं 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. ज्या खोलीत विडी ओढू देत नाहीत, तिथं तान्ह्या बाळाच्या उशाशी कॉइल जळते. मच्छरदाणी स्वस्त आहे आणि तिला धूर नाही.

श्रावण-भाद्रपदात बराखी उघडतात. उन्हाळी कांदा चार-पाच महिने बराखीत राहिलेला असतो. दमट हवेनं त्यातल्या काही कांद्यांवर काजळी चढते, म्हणजे काळी बुरशी. निवडायला बायका ओळीनं बसतात. कांदा हातात घेऊन चोळला की पापुद्रा निघतो आणि त्याखालची काळी पूड उडते. दुपारपर्यंत बोटं काळी, नाकपुड्या काळ्या, पदरावर काळा थर. ही पूड म्हणजे बुरशीचे जिवंत बीजाणू. ज्यांना दमा आहे त्यांना त्यानं त्रास होणारच. बराखीच्या आत बसण्याऐवजी बाहेर, वाऱ्याकडं पाठ करून निवडायला बसलं, आणि मालकानं मजुरीसोबत मास्क दिला, तर यातला मोठा भाग टळतो. खर्च कांद्याच्या एका गोणीचाही नाही.

त्याच दिवसांत बांधांवर गाजर गवत फुलतं. मेक्सिकोकडचं हे तण भारतात ठळकपणे प्रथम नोंदलं गेलं ते पुण्यातच, 1950 च्या दशकाच्या मध्याला. त्याच्या परागांनी शिंका, डोळ्यांना खाज, अंगावर पुरळ. ते फुलण्याआधी उपटलं तरच उपयोग. फुलल्यावर उपटायला गेलं की पराग आपल्याच नाकात.

पुन्हा हिवाळ्याकडं येतो, कारण एक गोष्ट राहिली. उसाचं पाचट. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं. तोड झाली की खोडव्याला पाणी देण्याची घाई असते, आणि काडी लावली की तासाभरात रान मोकळं होतं. पेटवतात बहुधा संध्याकाळी, वारा पडल्यावर, कारण आग शेजाऱ्याच्या फडात जाऊ नये. काळजी रास्त आहे. पण वारा पडण्याची वेळ म्हणजेच हवेवर झाकण पडण्याची वेळ. भर दुपारी निघालेला धूर हजार-दोन हजार मीटर वर जाऊन पांगला असता. सहाला निघालेला धूर रात्रभर गावातच झोपायला येतो.

दुपारी पेटवावं असं मी म्हणत नाही. पेटवूच नये. पाचटातला सेंद्रिय कर्ब आणि नत्र जळून हवेत जातो आणि शेतकरी पुढच्या महिन्यात तोच नत्र युरियाच्या गोणीतून विकत आणतो. कृषी विद्यापीठाची शिफारस साधी आहे: पाचट सरीत दाबायचं किंवा कुट्टी करायची, टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकायचं आणि पाणी द्यायचं. जमिनीची ओल टिकते, तण कमी येतं. पाचशे मिलिमीटर पावसाच्या गावात टिकलेली ओल म्हणजे वाचलेली पाण्याची पाळी.

राहिला मोजण्याचा प्रश्न. राज्याच्या ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली गेली. ती पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजतात, धूलिकण मोजत नाहीत. 2019 साली सुरू झालेला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम शहरांसाठी आहे. मोबाइलवर ‘समीर’ ॲप उघडलं की दिसणारे रंगीत आकडे शहरांतल्या केंद्रांचे असतात. बेल्ह्याच्या माणसानं पुण्याचा आकडा पाहून आपली सकाळ ठरवण्यात अर्थ नाही.

म्हणून बेल्हे आणि आसपासच्या गावांच्या ग्रामसभांना एवढीच विनंती आहे. हवामान केंद्राशेजारी धूलिकण मोजणारं यंत्र बसवण्याची मागणी ठराव करून कृषी विभागाकडं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं पाठवा, आणि त्याचा रोजचा आकडा शाळेच्या फळ्यावर लिहा. यंत्र येईपर्यंत कार्तिक ते माघ या चार महिन्यांत सूर्य मावळल्यापासून सकाळी नऊपर्यंत शेतात, उकिरड्यावर किंवा अंगणात पाचट, कचरा, प्लास्टिक, टायर यांतलं काहीही पेटवू नका. म्हाताऱ्या माणसांची शेकोटी तेवढी राहू द्या, पण तिच्यात सुकं लाकूडच घाला.